गुळाचं पाणी

पोपडा तळहातावर बरोबर मावला. एक बाजू राखाडी, घट्ट, सिमेंटची. दुसरी पांढरी, भुसभुशीत, आणि तिच्यावर बारीक लव उगवल्यासारखं काहीतरी... फुंकर घातली तर उडून जाईल असं. रेवणप्पा गुरुजींनी फुंकर घातली नाही. रोज सकाळी मुलं यायच्या आत ते नाक्याच्या दक्षिणेकडच्या खोलीत येत, रात्रीतून भिंतीपासून सुटलेले तीन-चार पोपडे वेचत आणि मागच्या घायपाताच्या बेटात टाकून देत. दोन वर्षं हा नेम चालला होता आणि कुणाला त्याची माहिती नव्हती, म्हणजे नसावी. आज ते घायपाताकडे गेले नाहीत. पोपडा त्यांनी कोटाच्या खिशात ठेवला. का ठेवला? दाखवायला, की लपवायला? — साठीला पोचलेल्या माणसाला स्वतःच्या हाताबद्दल एवढंही सांगता येऊ नये...

घाटाखालचा नाका म्हणत सगळे या इमारतीला. सोलापूरकडून येणारा रस्ता तुळजापूरचा घाट चढण्याआधी इथे थांबायचा. पलीकडे इंग्रजांचा मुलूख, अलीकडे निजामाचा, आणि मध्ये ही काळ्या दगडाची, पाच कमानींची इमारत. देवीला निघालेल्या बायकांच्या बोचक्यांपासून व्यापाऱ्यांच्या गाड्यांपर्यंत सगळं इथे उलगडलं जायचं, जकात घेतली जायची, मग पुढे सोडलं जायचं. संस्थान विलीन झालं, काही वर्षांत जकातही उठली, आणि सीमाच उरली नाही तिथे नाका कशाला उरेल? मध्ये दोन-तीन वर्षं सरकारी धान्य ठेवलं, मग तेही नेलं. कुलूप गंजलं. दोन वर्षांपूर्वी गुरुजींनीच दरखास्त देऊन किल्ली मागून घेतली होती. गावात चौथीपर्यंत शाळा, तीही मारुतीच्या देवळात. पुढे शिकायचं तर घाट चढून तुळजापूर. मुलगे चढत. मुली घरी राहत. म्हणून त्यांनी नाक्याच्या ओसरीत पाचवी सुरू केली — अकरा मुली आणि सहा मुलगे — आणि यंदा सहावी. आता नवी जिल्हा परिषद शाळा मंजूर करायला तयार होती. फक्त इमारत धड पाहिजे. आज अकराच्या मोटारीनं ओव्हरसियर यायचा होता. तो बरी म्हणाला तर शाळा. तो धोक्याची म्हणाला तर नाका पाडून त्याची खडी रस्त्याला, आणि मुली घरी.

बाकीच्या तीन भिंती खणखणीत होत्या. त्यांच्यावर पहारीचा घाव घातला तर पहार परत यावी. कच्ची होती ती एकच, ही दक्षिणेची. आणि ती का कच्ची आहे हे अख्ख्या पृथ्वीवर एकाच माणसाला ठाऊक होतं.

नाक्यावर येण्याआधी, सकाळी घरी नीलम्मा चुलीवर गुळाचा पाक करत होती. संक्रांत परवावर आलेली. नीलम्मा त्यांची धाकटी बहीण, विधवा झाल्यावर इथेच राहायला आलेली. वय पंचावन्नच्या पुढं, पण अजून भावाशी बोलायची ती पाच वर्षांची असल्यासारखी. पाकाचा उकळता वास घरभर झाला होता, आणि गुरुजी कोट घालून उंबऱ्याशी थबकले होते.

"आण्णा, उभं का राहिलाव? चाखायचंय का?"

"नको."

"तुमाला गोड म्हणलं की कसं काय होतं, देव जाणे. चहा बिनसाखरेचा, पुरणपोळी दुधात न्हाय, तुपात न्हाय. आण्णा, माणसाला कायतरी गोड लागावं."

"नीला, नाक्याचं बांधकाम चाललं होतं, तेव्हाचं तुला काही आठवतं?"

"मला कुठलं! चार-पाच वर्षांची आसंन." तिनं पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकून पाहिला, बोटांनी गोळी वळून पाहिली. "तापानं पडले होते म्हणं मी. एवढंच आठवतं की कुणीतरी चिमटी-चिमटीनं तोंडात कायतरी घालायचं आन ते लई गोड लागायचं. आई आसंल."

आई नव्हती. आई तेव्हा दिवसभर दगड फोडायच्या कामावर होती. गुरुजींनी चपला घातल्या. मागून तिचा आवाज आला, "आज तरी डोक्याला रुमाल बांधा, सायब येणार हाय म्हणं तुमचा..."

मुलं आली. ओसरीत तरटावर बसली, पाट्या-दप्तरं घेऊन, सूर्य त्यांच्या पायाशी आला होता आणि कमानीची सावली मधोमध वाकून पडली होती. भूगोलाचा तास. कोकण. गुरुजींनी फळ्यावर एक वाकडी उभी रेघ काढली, तिच्या डाव्या हाताला 'समुद्र' लिहिलं, आणि नेहमीप्रमाणे विचारलं — समुद्र कुणी पाहिलाय? कुणीच नाही. "मीही नाही," गुरुजी म्हणाले, आणि मुलं हसली; दरवर्षी हसायची. मी चाळीस वर्षं समुद्र शिकवला. आधी उर्दू अमलात, मग मराठीत. ईटला शिकवला, वाशीला शिकवला, जिथं दिवाळीनंतर विहिरीचा तळ दिसतो अशा गावांत शिकवला. भरती शिकवली, ओहोटी शिकवली. किनाऱ्याला वाफे करून त्यांत खारं पाणी घेतात, ऊन पाणी पिऊन टाकतं, खाली मीठ उरतं, ते मिठागर... मुलांना मिठागराची गोष्ट फार आवडते. मुलांना जे नाहीसं होतं त्यापेक्षा जे मागे उरतं ते आवडतं.

"गुरुजी," वनमाला म्हणाली. ती सहावीत, बारा वर्षांची. कमानीच्या खांबाला पाठ टेकून बसायची आणि प्रश्न विचारताना पाटीआड तोंड धरायची. "समुद्राचं मीठ आन आपलं मीठ एकच का?"

"एकच. आपल्याकडं मीठ पिकत नाही, बाळ. सगळं तिकडूनच येतं."

तिनं शेजारच्या मुलीकडे पाहिलं. दोघी कशाला तरी हसल्या. गुरुजींनी हसू दिलं. हसण्याला शिक्षा करायची नाही, ही त्यांची फार जुनी रीत होती, मारायचंही नाही. वाशीला असताना एका पोरानं दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी चोरली, तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते, रेवणप्पा, दोन छड्या द्या. गुरुजींनी त्या मुलाला कडुलिंबाखाली नेऊन बसवलं आणि आपल्या डब्यातली भाकरी दिली. मग नुसते बसून राहिले. तुम्ही फार मऊ, हेडमास्तर म्हणाले. मऊ नाही हो... चोराला चोर ओळखू येतो, एवढंच. पण हे कुणाला सांगायचं?

नाका बांधला जात होता तेव्हा चुन्याची घाणी तिथे होती, आता जिथं बोरीचं झाड आहे तिथे. गोल दगडी चर, त्यात बैलानं ओढलेलं दगडी चाक, खाली चुना आणि वाळू मळली जायची — दिवसभर, दळण दळल्यासारखी. आप्पा म्हणजे वडील, महालिंगप्पा मिस्त्री. सोलापूरपर्यंत त्यांच्या हातच्या चुन्याचं नाव होतं. त्यांचा चुना वेगळा असे, कारण त्यांचं पाणी वेगळं असे. रांजणात हिरडा भिजायचा, बेलफळाचा गर भिजायचा, आणि गूळ. नऊ वर्षांच्या रेवणप्पाचं काम एकच : संध्याकाळी गुळाचे खडे मोजून रांजणात टाकायचे, सकाळी काठीनं ढवळायचं, आणि घाणी फिरायला लागली की तांब्या-तांब्यानं ते पाणी चुन्यावर घालायचं. गूळ चुन्याला धरून ठेवतो, आप्पा सांगत. माणसाला धरतो तसा.

त्या साली पाऊस झाला नाही. दक्षिणेच्या भिंतीचं बांधकाम चाललं होतं आणि नीलम्मा तापानं पडली होती; ताप उतरला तरी उठेना, खायला नको म्हणे, आणि खायला होतंही काय... एका संध्याकाळी रांजणापाशी उभा असताना त्याच्या मुठीत गुळाचे खडे होते. त्यानं ते रांजणात टाकले नाहीत. सदऱ्याच्या खिशात टाकले. घरी जाऊन एकेक चिमटी तिच्या जिभेवर ठेवली. ती चोखत राहिली, डोळे मिटून. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या. चौथ्या. चार दिवस दक्षिणेच्या भिंतीच्या चुन्यात गूळ पडला नाही. हिरड्यानं पाणी तसंच तपकिरी दिसायचं — कुणाला कळणार? आप्पा सकाळी यायचे, ओळंबा सोडून भिंत बघायचे, रांजणाशी वाकायचे, आणि उठताना म्हणायचे, "नीट ढवळ रे." तो नीट ढवळायचा. नुसतं पाणी, दोन्ही हातांनी काठी धरून, खांदे भरून येईपर्यंत. पाचव्या दिवशी आप्पा म्हणाले, उद्यापासनं गूळ मी टाकत जाईन, तू घाणीकडं बघ. आपण सुटलो असं त्याला वाटलं. नीलम्मा तोवर उठून बसली होती.

चार वर्षांनी दक्षिणेच्या भिंतीचा गिलावा सुटला. आतून. नाक्याच्या अमीनानं, म्हणजे तिथल्या अंमलदारानं, आप्पांना बोलावून घेतलं, आणि भरल्या कचेरीत, व्यापारी, गाडीवान, पहारेकरी सगळे बघत असताना, तुटलेला चुना त्यांच्या पुढ्यात टाकला. हाच का तुमचा नावाजलेला चुना, मिस्त्री? आप्पांनी तो उचलला, बोटांनी कुस्करला, आणि म्हणाले, "चूक झाली सरकार. माझीच." ते परत गिलावा करून द्यायला गेले. तोही दोन वर्षांत सुटला. त्यानंतर मोठं काम त्यांच्याकडं आलं नाही. आलं तर त्यांनी घेतलं नाही. चुली घालून दे, ओटा करून दे, असंच. आणि रेवणप्पाला म्हणाले, तू शाळेत जा. या धंद्यात नको.

नको — हा एक शब्द. त्यानं आयुष्यभर तो हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला. तू नको. तुझ्यावर रांजण सोपवता येत नाही.

"गुरुजी, मोटार!" मुलं ओरडली.

ओव्हरसियर तरुण होता, वसंतराव नावाचा, सोलापूरकडचा. पायात काळे बूट, हातात टेप आणि एक छोटी हातोडी. त्यानं मुलांना नमस्कार केला हे गुरुजींना आवडलं. बाहेर बोरीखाली ज्ञानोबा शेळ्या घेऊन उन्हाला बसला होता, तोही उठून आत आला. त्याचा बाप याच कामावर घाणीचा बैल हाकायचा. तेवढ्या हक्कानं ज्ञानोबा नाक्यात कधीही येऊन बसत असे आणि कुणी त्याला हटकत नसे.

वसंतरावानं उत्तरेची भिंत ठोकली. पूर्वेची. पश्चिमेची. "फार छान आहे हो," तो म्हणाला, खरंच नवल वाटून. "असा चुना आता कोण करतं?" गुरुजींनी त्या भिंतीला हात लावला... आप्पा, ऐकलंत का? मग तो दक्षिणेच्या खोलीत शिरला. हातोडी भिंतीला लागली तेव्हा खणखणीत आवाज आला नाही. धप् झालं, आणि हातभर रुंदीचा गिलावा त्याच्या बुटांवर कोसळला. त्यानं खिशातली किल्ली काढून दगडांच्या मधल्या सांध्यात घातली. किल्ली मुठीपर्यंत आत गेली. चुना पिठासारखा गळायला लागला.

त्यानं टेप गुंडाळली. मुलं दारात गोळा झाली होती.

"गुरुजी, अवघड आहे," तो शेवटी म्हणाला. "तुमची धडपड दिसते मला. पण हीच भिंत छताचा अर्धा भार घेते. आणि चारही भिंती एकाच वर्षीच्या, एकाच हातच्या. आज हिचं झालं ते उद्या त्यांचं होईल. मुलं बसवायची इथे म्हणजे... मला इमारत धोक्याची लिहावी लागेल."

त्यानं खिशातून वही काढली. गुरुजींनी पेन्सिलीकडे पाहिलं. लाल पेन्सिल, मागच्या टोकाला चावलेली. या पेन्सिलीला फक्त एक शब्द लिहायचा होता. आणि तो खोडायला दुसरा एक शब्द होता. तो माझ्या घशात होता, एक्कावन्न वर्षं. मी तो नीलम्माला सांगितला नाही. आप्पा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून सांगणार होतो. मी पाणी पाजताना ते माझ्याकडे बघत होते, मी चमचा पुढे केला आणि गप्प बसलो. किती मुलांना सांगितलं मी — बाळ, खरं बोललं की हलकं वाटतं. मला कुठून ठाऊक होतं हलकं वाटतं म्हणून? ऐकीव ज्ञान. समुद्रासारखं...

"थांबा साहेब," गुरुजी म्हणाले. आवाज वर्गात बोलायचा तोच निघाला, सावकाश, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "बाकीच्या तीन भिंतींना काही होणार नाही. ही एकच कच्ची आहे, आणि ती का कच्ची आहे हे मला माहीत आहे."

"का?"

"हिच्या चुन्यात गूळ पडला नाही."

"गूळ?"

"चार दिवस. माझे वडील इथले मिस्त्री. रांजणात गूळ टाकायचं काम माझ्याकडं होतं. तो मी टाकला नाही. चोरला." त्यांनी खिशातून पोपडा काढून पुढे धरला, जणू तो पुरावा होता. "दोष त्यांच्या चुन्याचा नव्हता. तेव्हा ही एक भिंत उतरवून परत बांधा. बाकी इमारत पाडू नका. तुम्ही लिहा तसं. माझं नाव घालून लिहा."

बाहेर शेळी ओरडली. वसंतरावाच्या तोंडावर हसू आलं आणि त्यानं ते आवरलं, आणि आवरलेलं हसू गुरुजींना मारण्यापेक्षा जास्त लागलं. "गुरुजी," तो हळू म्हणाला, "सरकारी रिपोर्टात मी गूळ कसा लिहू?"

हलकं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. सतरा मुलं आपल्याकडं बघताहेत एवढंच कळत होतं, आणि त्यांच्या डोळ्यांत काय आहे ते बघायचं धाडस होत नव्हतं. तेव्हा दारातून एक बारीक आवाज आला, पाटीआडून आल्यासारखा. पण हातात पाटी नव्हती.

"गुरुजी... म्या बी."

"काय, वनमाला?"

"म्या बी चोरी करती. आमी समद्याच." ती रडायच्या बेतात होती. "तुमी भिंतीला हात लावू नगा म्हणता, पर आमी मधल्या सुट्टीत चिंच आणून त्या भिंतीला घासतो. मीठ लागतं म्हून. लई छान लागती, गुरुजी. त्याच्यानं भिंत पडाया लागली का?"

वसंतरावानं मान वर केली. "मीठ लागतं?"

मुली एकदम बोलायला लागल्या — व्हय सायब, त्या कोपऱ्यातलं जास्ती खारट, वरचं न्हाय, पांढरं-पांढरं असतंय ते, संक्रांतीच्या आधी लई येतं. ज्ञानोबा पुढं झाला. त्यानं भिंतीवरची पांढरी लव बोटावर घेतली, जिभेला लावली आणि मान हलवली.

"मीठच की. ही मिठाची खोली व्हती, सायब. नाका सुरू झाल्यापासनं. सोलापुरास्नं गाड्या यायच्या, जकात भरंस्तवर पोत्यावर पोती ह्याच भिंतीला लावून ठेवायचे, पार डोस्क्याइतकी. पावसाळ्यात पाझरायचं ते. चाळीस वरीस भिंत मीठ पिऊन बसली. आन मागनं सरकारी धान्य ठेवाया गुत्तेदारानं वरनं शिमीट चोपडलं. बाहीर पडाया जागाच न्हाय, मग आतच फुगणार न्हाय तर काय करंल?"

"अरे, मग तू कधी बोलला नाहीस?" गुरुजी म्हणाले. आवाज आता वर्गातला नव्हता.

"मला कुणी इचारलं? तुमी तर रोज सकाळी पोपडे गोळा करून घायपातात टाकता. बघतो की म्या. म्हणलं, गुरुजींचं कायतरी आसंल."

नाका सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत गुरुजी तुळजापूरला शिकायला गेले होते, मग नोकरीला, आणि परतले ते नाका बंद झाल्यावर. त्या खोलीत काय ठेवत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. जे आपल्याला आधीच माहीत आहे ते माणूस कुणाला विचारील?

वसंतराव खाली बसून पोपड्याची उलटी बाजू निरखत होता. "म्हणजे भिंतीचं बांधकाम मुळात..." तो स्वतःशीच बोलला. मग किल्लीनं कोपऱ्यात, जमिनीपासून उंच, जिथवर पोती पोचली नसतील तिथं खरवडलं. तिथे किल्ली आत गेली नाही. "ही तीच भिंत ना? मग इथं पक्की कशी?" त्यानं वहीत लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं : सिमेंटचा गिलावा काढून, भिंत धुऊन, सुकवून, फेरतपासणी करावी, तोपर्यंत निर्णय राखून ठेवावा. "वरचे काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही, गुरुजी. पाडा म्हणणारेही आहेत. पण धोक्याची असं मी आज लिहीत नाही. मुलांना या खोलीत येऊ देऊ नका."

"चिंच?" कुणीतरी मागून विचारलं, आणि सगळी हसली. वसंतरावही.

तो मोटारीकडे गेला. मुलं त्याला पोचवायला धावली. ज्ञानोबा उंबऱ्यावर टेकला, तंबाखू मळायला लागला. चुना संपला होता त्याचा. त्यानं डबी आपटून पाहिली. गुरुजी खोलीत उभेच होते.

"गुळाचं काय घेऊन बसलाव तुमी," ज्ञानोबा म्हणाला. "पोरवयातली गोष्ट. आन गूळ न्हवता तर म्हालिंगाप्पास्नी कळल्याबिगर ऱ्हायलं आसतं व्हय? माझा बा सांगायचा, लई नखऱ्याचा मिस्त्री. रोज सकाळी रांजणात बोट घालून चाखल्याबिगर घाणीला बैल जुपू द्यायचा न्हाय."

ज्ञानोबा उठला, शेळ्यांना हाका घालत निघून गेला.

रोज सकाळी... म्हणजे ते वाकायचे ते. मला वाटायचं, पाण्यात तोंड बघतात. किंवा गाळ बसलाय का ते. मी मान वर कुठे करत होतो? मला फक्त त्यांची पाठ दिसायची, घामानं मिठाचे पांढरे नकाशे उमटलेली, आणि मग ते उठायचे. चार सकाळी. त्यांनी बोट घातलं, जिभेला लावलं, नुसता हिरड्याचा कडूपणा लागला, आणि मागे मी उभा, खिशाला गूळ चिकटलेला, त्याला मुंग्या लागलेल्या. आणि घरी पोर उठून बसायला लागलेली. त्यांनी बैल जुंपायला सांगितलं. तसलं पाणी आपल्या चुन्यात जाऊ दिलं, सोलापूरपर्यंत नाव असलेल्या चुन्यात, आपल्या हातानं तो भिंतीवर चढवला. चार दिवस. आणि अमीनानं पुढ्यात टाकला तेव्हा उचलून म्हणाले, चूक माझीच. खोटं नव्हते बोलत, त्यांच्यापुरतं. भिंत गुळावाचून सुटली असंच तेही समजले असतील. मीठ त्यांनाही कुणी सांगितलं नसणार...

मग मी कुणापासून लपवत होतो?

एक्कावन्न वर्षं. सगळ्या आयुष्याला आतून टेकून बसलेली एक भिंत; तिला हातोडी लागली तर धप् झालं. सुटका म्हणायची का ही? वाशीच्या कडुलिंबाखाली त्या पोराला भाकरी दिली ती कुणी दिली? मी चोर म्हणून दिली असं समजत आलो. पण कदाचित ती रीत मी कुठं तरी आधी पाहिली होती, न कळता; पाठमोऱ्या माणसाकडून शिकलो होतो. तू या धंद्यात नको — यातला तू-वरचा जोर आपणच दिला होता का? दुसरा जोर देऊन वाचून पाहायला हवं. या धंद्यात नको. इथं गूळ पोराच्या तोंडात नाही, भिंतीला घालावा लागतो... हे असं असेल? की आता, विचारायला कोणी नाही म्हणून, मला हवं ते मी त्यांच्या तोंडी घालतोय? फळ्यावर रेघ काढून डाव्या हाताला समुद्र लिहावा तसं.

बाहेर मुलं परत तरटावर बसत होती. वनमालानं फळा पुसला नव्हता. ती खांबाला टेकून त्यांची वाट बघत होती आणि तिच्या तोंडावर अजून थोडी भीती होती. तिला शिक्षा नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजी तिच्याकडे जाणार होते. सांगणार होते. काय सांगायचं ते मात्र ठरत नव्हतं — हलकं वाटतं, हे आज तिला सांगता येणार नव्हतं. आणि वाटत नाही, असंही सांगवत नव्हतं.

हातात पोपडा तसाच होता. त्यांनी पांढऱ्या बाजूला बोट लावलं, आणि ते जिभेवर ठेवलं. खारट. साधं, घरातल्यासारखं खारट. इतक्या लांबून आलेलं. ती चव ओसरून जायची ते वाट बघत राहिले, त्याच्या मागून आणखी काही चव येईल अशी, आणि कानाशी तो जुना आवाज पुन्हा आला — नीट ढवळ रे — आणि साठ वर्षांच्या रेवणप्पाचे दोन्ही खांदे नकळत भरून आले. पण त्या आवाजाकडे त्यांनी आज पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.